केस आहे का, एवढंच विचारून भागतं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग येतात, ती घासून, टर्निंग-ड्रिलिंग करून आम्ही पुढे पाठवतो. मशीनची बाजू आमचे मिस्टर बघतात. हजेरी, पगार, ईएसआय, बँक हे सगळं माझ्याकडे. म्हणून अलीकडे एका मोठ्या कंपनीकडून आलेला फॉर्मही माझ्याच टेबलावर आला. प्रत्येक कामगाराचं पोलीस व्हेरिफिकेशन जोडा, आणि ज्याच्यावर कधीही गुन्हा दाखल झाला असेल त्याला आमच्या मालाला हात लावू देऊ नका, असा त्याचा मजकूर. रकाना एकच, होय की नाही. गुन्हा कसला, किती वर्षांपूर्वीचा, माणूस सुटला की शिक्षा झाली, यातलं काही विचारलेलंच नाही.

बेळगावात बसून हा रकाना कसा भरायचा? आमच्या मामंजींवर 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातली केस होती. आज ते असते, तर या फॉर्मप्रमाणे स्वतः उभारलेल्या शेडमध्ये त्यांना काम करता आलं नसतं. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत गेला म्हणून गुन्हा, घोषणा दिल्या म्हणून गुन्हा. सीमाभागातल्या मराठी घरांना हे नवीन नाही. असा पोरगा जामिनावर सुटून आला की गल्लीत त्याला हार घालतात. दर 1 जूनला त्या आंदोलनातल्या हुतात्म्यांना वंदन करायला आपण हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर जातो. त्याच हिंडलग्याच्या तुरुंगातून मारामारीच्या केसमधला कोणी सुटून आला, तर त्याला गेटवरूनच परत पाठवतो. दोन्ही केसेस एका मापाच्या नाहीत, हे मला कळतं. तसं बघायला गेलं तर माझी तक्रार तीच आहे: फॉर्मनं त्या एका मापाच्या करून टाकल्या आहेत.

कायदा इतका आडमुठा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली अवतार सिंग यांच्या प्रकरणात सरकारी नोकरीबद्दल सांगितलं, की उमेदवाराने माहिती खरी द्यावी. पण तरुण वयातल्या घोषणाबाजीसारखी किरकोळ बाब असेल, तर ती लपवल्याबद्दलसुद्धा माफ करण्याची मुभा नोकरी देणाऱ्याला आहे. गुन्हा शाबीत होऊनही कोर्टाने 1958 च्या प्रोबेशन कायद्याखाली सोडलेल्या माणसाला त्या शिक्षेमुळे कोणतीही अपात्रता लागत नाही, असं त्या कायद्याचं कलम 12 सांगतं. आणि तुरुंगात गेला म्हणजे दोषी, हे तर मुळातच खोटं. 2022 च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकाल लागलेलाच नाही असे.

आमच्याकडे केस झालेले दोघे आहेत. (कोण, ते आम्हा दोघांशिवाय शेडमध्ये कोणाला माहीत नाही, आणि राहूही नये.) एक तरुण, विसर्जन मिरवणुकीतल्या हाणामारीत नाव आलेला. कामाला आला तेव्हा पहिल्यांदा हेच बोलला, "वहिनी, आधीच सांगून ठेवतो, माझ्यावर केस हाय. मागनं कोणीतरी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं." दुसरा वयस्क, खानापूर भागातला. शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणात माणूस गेला, त्याची पुरी शिक्षा भोगून आलेला. तो फेटलिंगला, म्हणजे कास्टिंगचे खडबडीत कंगोरे घासून काढायच्या कामाला आहे. ग्राइंडर घेऊन उभा राहिला की धुळीत दिवसभर मान वर करत नाही.

अशा माणसाला कामावर घेणं सोपं. तो टिकावा म्हणून जे करावं लागतं, ते कोणी सांगत नाही. तरुणाची अडचण म्हणजे कोर्टाची तारीख. तारखेला जायचं म्हणजे खाडा, खाड्याला मालक कटकट करतो, म्हणून पोरगा तारीख चुकवतो. तारीख चुकली की वॉरंट निघतं. मग पोलीस गेटवर येतात, आणि 'पोलीस आले' म्हणून त्याच मालकाकडून पोराला काढून टाकलं जातं. यावर उपाय फुकटचा आहे. मी हजेरीपत्रकाच्या मागच्या पानावर त्याच्या तारखा लिहून ठेवते आणि त्या दिवशी त्याला दुसऱ्या पाळीला लावते. नाव कधी पुकारतील याचा भरवसा नसतो, तेव्हा उशीर झाला तर झाला. चौकशीला कोणी आलंच तर ऑफिसात बसवायचं, मशीनजवळ नाही.

वयस्क गृहस्थांचं वेगळंच. बँकेचं खातं बंद पडलेलं, आधारवरचा मोबाईल नंबर कुणाचा ते त्यांनाच माहीत नव्हतं, फोनवरून पैसे कसे पाठवतात हे त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. भाड्याची खोली त्याहून अवघड. शेवटी मिस्टरांनी ओळखीच्या घरमालकाला शब्द दिला तेव्हा मिळाली. पहिले काही महिने पगार महिन्याला न देता आठवड्याला दिला, कारण जवळ काहीच नसलेल्या माणसाला महिनाभर थांबायला सांगायचं म्हणजे उचल घ्यायला लावायचं, आणि उचल एकदा डोक्यावर बसली की फिटत नाही.

सरसकट सगळ्यांना घ्या, असं मी म्हणत नाही. चोरीची केस असलेल्याच्या हातात पहिल्या दिवशी स्टोअरच्या किल्ल्या मी देणार नाही. बाईवर हात टाकल्याची केस असलेल्या एकाला मी नाही म्हटलं, कारण आमच्या तपासणीच्या टेबलावर बायका बसतात. हा माझा निर्णय, कोणाला पटो न पटो. पण तो केस बघून घेतला, रकाना बघून नाही. आणि यात उपकारबिपकार काही नाही हो. आपली पोरं पुण्याला, गोव्याला चालली आहेत, उद्यमबाग-मच्छेच्या गेटांवर 'कामगार पाहिजेत'चे बोर्ड लटकताहेत. मोठ्या कंपन्यांनी रकाना वाढवून 'कसला गुन्हा, कधीचा, निकाल काय, काम कोणतं' एवढं विचारलं, तर त्यांच्या मालाला गंज चढणार नाही.

आता आपल्याकडे एक मागणं. अटकेची बातमी आपली वर्तमानपत्रं नाव, वय, गल्लीसकट छापतात, आणि ती मोबाईलवर वर्षानुवर्षं सापडत राहते. निर्दोष सुटल्याची बातमी मात्र माझ्या तरी वाचनात क्वचितच येते. कोर्टाच्या निकालाची प्रत घेऊन कोणी आपल्या कचेरीत आला, तर अटकेला दिली होती तेवढीच जागा आपण सुटकेला द्याल का? आमच्या त्या पोराची केस अजून चालू आहे. तो सुटला, तर निकालाचा कागद घेऊन मीच येईन.

आपली,
एक वाचक, अनगोळ, बेळगाव
(नाव छापू नये, नावावरून आमच्या कामगारांची ओळख पटेल.)