गांजाच्या बातमीखाली 14416 हा मदतीचा नंबर पण छापा की

मा. संपादक, स.न.वि.वि.

गांजा पकडल्याची बातमी तुमच्या पेपरात सारखी असते, किती किलो, किती लाखाचा, मागं तोंड बांधलेली पोरं आणि पुढं पोलीस. छापाच, पण ओढणाऱ्या पोरांचं पुढं काय होतं ते कुठंच येत नाही म्हणून हे लिहितोय.

माझा भाचा 22 वर्षांचा, कुपवाड एमआयडीसीत कामाला. चार वर्षं रोज ओढत होता. आधी एका खासगी केंद्रात तीन महिने ठेवला, मोबाईल काढून घेतला, टक्कल केलं, आम्हाला भेटू दिलं नाही, आणि घरी आल्यावर आठव्या दिवशी परत सुरू. पैसे किती गेले ते सांगत नाही, बहिणीच्या पाटल्या गेल्या एवढं पुरे.

मग मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडं गेलो. बहीण म्हणाली, एखादं इंजेक्शन द्या. डॉक्टर म्हणाले गांजा सोडवायचं म्हणून मान्यता असलेलं औषधच अजून नाही, झोपेबिपेला काही देता येतं, पण खरा इलाज बोलण्याचा. समुपदेशक ताईंनी पहिला प्रश्न काय विचारावा? "गांजातलं तुला काय आवडतं?" बहीण तिथंच भडकली, हे विचारायला आलोय का आपण! पण पोरगं पाऊण तास बोललं, आणि ओढल्याशिवाय झोपच येत नाही, भीती वाटते, हे आम्हाला तिथं पहिल्यांदा कळलं.

नंतर वही दिली. तलफ कधी आली, कुठं, सोबत कोण, डोक्यात काय चाललं होतं, सगळं लिहायचं. पंधरा दिवसांत दिसलं की निम्म्याच्या वर नोंदी सुट्टी झाल्यावर त्या एकाच टपरीपाशी. मग रस्ता बदलला, ऐकायला येडपट वाटतं पण बदलला. सोडल्यावर चिडचिड, जेवण नको, रात्री घाण स्वप्नं, ताटातली भाकरी ढकलून उठायचा. पहिला आठवडा जड जाणार, दोन ते चार आठवड्यांत उतरेल हे ताईंनी आधीच सांगून ठेवलेलं म्हणून आम्ही भांडलो नाही.

यात जादू नाही. कॉक्रेन म्हणून जगभरातले वैद्यकीय अभ्यास तपासणारी संस्था आहे, त्यांनी 2016 साली गांजा सोडवायच्या अशा उपचारांचे 23 अभ्यास एकत्र तपासले, त्यात मनाची तयारी करून घेणं आणि विचार-सवयी बदलणं या दोन्ही पद्धती मिळून वापरल्या की ओढणं कमी होतं असं दिसलं, पूर्ण सुटणं मात्र बऱ्याच जणांना जमलं नाही. आमचा पण गणपतीत घसरला. ताई ओरडल्या नाहीत, "त्या दिवशी दुपारपासून काय काय झालं" एवढंच विचारलं. मी असतो तर दोन ठेवून दिल्या असत्या.

तर विनंती एवढीच, धाडीच्या बातमीखाली टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर छापा. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. एका ओळीची तर जागा लागते.

— एक मामा, विश्रामबाग, सांगली