धरण ४० टक्के की ५५?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पैठण तालुक्यातल्या एका शाळेत मी अर्धवेळ ग्रंथपाल आहे. ग्रंथालय म्हणजे प्रयोगशाळेशेजारची खोली आणि चार कपाटं. त्यातल्या एकाची किल्ली हरवलेली. आठवीची मुलं आठवड्यातून एक तास माझ्याकडे येतात, तोही कुणी गणितासाठी मागून नेला नाही तर. पूर्वी त्या तासाला गोष्टीची पुस्तकं वाटायचे, हल्ली वर्तमानपत्रं वाटते.

पावसाळ्यात 'जायकवाडीचे सगळे दरवाजे उघडले' असा व्हिडिओ फिरला आणि गाव रात्रभर जागं राहिलं. २००६चा पूर पाहिलेली माणसं सामान माळ्यावर टाकणारच, त्यांना नावं कशाला ठेवायची? दुसऱ्या दिवशी मुलांना म्हटलं, दरवाजे मोजा. १२ भरले. नाथसागराला, म्हणजे आपल्या जायकवाडीला, २७ आहेत. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, अर्धंच धरण दिसत असंल तर?" मला हा प्रश्न फार आवडला. पुन्हा पाहिलं, तर दोन्ही अंगांना डोंगर. आपला बांध सपाट रानात दहा किलोमीटर पसरलेला. डोंगर आणायचे कुठून?

पुढच्या तासाला मात्र आम्हीच अडकलो. एकाच दिवशीच्या दोन पेपरांत जायकवाडी एकात ४० टक्के, दुसऱ्यात ५५. दुसरा आपला. "एक खोटं," असं वर्गाने ठरवून टाकलं. मग आकडे फळ्यावर मांडले. एकूण साठा २९०९ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. त्यात ७३८ मृतसाठा, म्हणजे कालव्यात न येणारं पाणी. उरला उपयुक्त साठा २१७१. त्याचे ४० टक्के काढून त्यात मृतसाठा मिळवला, तर एकूण साठ्याच्या ५५ टक्के होतात. दोन्ही पेपर बरोबर! पण ऊस ठेवायचा की मोडायचा, हे ठरवणाऱ्या माणसाला ५५ वाचून काय कळणार?

तेव्हा टक्केवारीपुढे 'उपयुक्त' की 'एकूण' एवढा एक शब्द छापावा, ही विनंती. मुलांनीच लिहायला लावलंय.

दुसरं, आपले जुने अंक रद्दीत जात असतील तर शाळेला द्यावेत. एसटीच्या पार्सलने पाठवा, भाडं मी भरीन.

आपली,
एक अर्धवेळ ग्रंथपाल
ता. पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर