आबांची वडाप

राजारामपुरी, कोल्हापूर
श्रावण, पावसाची झड

प्रिय पप्या,

तुझा फोन आला तेव्हा आबांच्या जीपच्या छोट्या मॉडेलवर काम चाललं होतं, दोन्ही हात पुट्टीनं भरले होते, म्हणून "जीप कुठवर आली?" याला "बालिंग्याच्या पुलावर अडकलीय" एवढंच थट्टेनं बोलून ठेवून दिला. तुला राग आला असणार. आता पाऊस धरून बसलाय, रंगाचं काम तसंही बंद आहे, तर सविस्तर लिहितो. शिवाय मला तुझ्याकडून काही माहिती पाहिजे. फोनवर विचारली की तू "बघतो" म्हणतोस आणि विसरतोस.

आधी हे ऐक, की आबांची जीप कुठल्याच खोक्यात तयार मिळत नाही. १:२४ मापात, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढं, लष्करी विलीज जीपचं जोडायचं किट मिळतं, ते आणलं. पण ती दुसऱ्या महायुद्धातली गाडी आणि आपली गंगावेशीतली वडाप, माणसं कोंबून नेणारी भाड्याची जीप. नातं आहे, पण चुलत-मावसातलं. विलीजच्या तोंडावरच्या जाळीला उभ्या फटी नऊ, लढाईनंतरच्या नागरी जीपला सात. आपलं बॉनेट उंच, कारण १९५३ मध्ये सीजे-३बी ही नागरी जीप आली तेव्हा आत उंच इंजिन बसवायला बॉनेटच वर उचलावं लागलं, आणि महिंद्रानं ते तोंड पुढं वर्षानुवर्षं चालवलं. विलीजच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ८० इंच, म्हणजे किटात साधारण साडेआठ सेंटिमीटर. आबांच्या गाडीत मागं समोरासमोर बाकडी, त्यावर कळे गावच्या बाजाराची अख्खी गर्दी, आणि वर दोघं-तिघं पायरीवर लोंबकळत. विलीजच्या ढुंगणात एवढी माणसं मावायची नाहीत. त्यात स्टेअरिंग डावीकडं! म्हणजे डॅशबोर्ड, पेडल, सीट सगळं उलटं करायचं.

मग काय, गुजरीतनं सोनाराच्या करवतीची बारीक पाती आणली आणि गाडी मधून कापली. चासीला प्लास्टिकच्या पट्ट्या जोडून लांबी वाढवली, बाजूचे पत्रे कोऱ्या शीटमधून नवे कापले. किटातलं आता निम्मंसुद्धा उरलेलं नाही. बायको म्हणते, मग ते विकत घेतलंच कशाला? टायर, पाटे (चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि डिफरन्शिअल वापरलं की, म्हटलं.

तुझ्या मनातला खरा प्रश्न मला कळतो. तू चारदा घुमवून विचारलास: एवढा वेळ कसला लागतोय? तर वेळ कापाकापीला लागत नाही, तो नजरेला लागतो. हिशेब असा. मॉडेल आपण फूटभर अंतरावरून बघतो. १:२४ मध्ये ते खऱ्या गाडीपासून २४ फूट झालं. म्हणजे तू रंकाळा स्टँडच्या रस्त्यापलीकडं उभा राहून आबांची जीप बघतोयस. तिथून जे दिसतं तेवढंच दाखवायचं, जे दिसत नाही ते गाडीवर असता कामा नये. हे एकदा डोक्यात बसलं की कळतं, या छंदात खरी वस्तू जशीच्या तशी लावली की ती हमखास खोटी दिसते.

पत्र्याचंच घे. मी वापरतो ती शीट अर्धा मिलिमीटर. ती २४ नं गुण, बारा मिलिमीटरचा पत्रा! ही जीप नव्हे, रणगाडा झाला. अख्खा पत्रा पातळ केला तर हातात मोडतो. म्हणून दाराचा कट, मडगार्डची कड, जिथं जाडी डोळ्याला दिसते तेवढ्याच कडा आतल्या बाजूनं तिरक्या घासायच्या. आत जाड, कडेला पातळ. शुद्ध फसवणूक आहे, पण डोळा लगेच मान्य करतो.

मातीचं तर विचारूच नकोस. मला हौस होती की गगनबावड्याची तांबडी माती आणून तीच चाकांच्या वर मारावी. पण वस्त्रगाळ केल्याशिवाय ती चालत नाही. ०.२ मिलिमीटरचा कण इथं जवळजवळ पाच मिलिमीटरचा होतो, म्हणजे आबांनी जीप खडीच्या ढिगातनं काढल्यासारखी दिसणार. तीच गत रेडियमची, म्हणजे उजेडात चमकणाऱ्या पट्टीची. मागं चिकटवायला खऱ्या रेडियमचा तुकडा कापला, तर त्यातली षटकोनी जाळी फूटभरावरनं दिसते, एकेक घर बशीएवढं. तिथं नुसता लाल रंग आणि वर चकाकी, बास.

टपाचं, म्हणजे वरच्या कापडी छताचं, मात्र झकास जमलंय. कापड लावायचंच नाही, कितीही तलम घेतलं तरी त्याचा धागा सुतळीसारखा दिसतो. मी बारीक तारेच्या कमानी वाकवल्या आणि पातळ टिश्यू पेपर पाण्यात कालवलेल्या फेविकॉलनं त्यावर अंथरला. ओला असताना बोट लावायचं नाही, ब्रशच्या टोकानं हळू ढकलायचं. वाळताना कागद आखडतो, कमानींवर ताणून बसतो आणि दोन कमानींच्या मधे आपोआप झोळ राहतो. तो झोळ बघितला आणि एकदम आठवलं, पावसाचं पाणी तिथं साचायचं, आतला एखादा माणूस मूठ मारून वर ढकलायचा आणि शेजारच्या सायकलवाल्याला आंघोळ. आबा पुढून शिव्या घालायचे ते त्या माणसाला नव्हे, सायकलवाल्याला!

चाकांच्या रिमा उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून ॲल्युमिनियममध्ये काढून घेतल्या. १६ इंची रिम इथं जेमतेम सतरा मिलिमीटरची होते. त्यानं एक काढून तळहातावर ठेवली, बराच वेळ बघितली, आणि पैसे घ्यायला तयार होईना. टायर किटातलेच. तेही कोरे काळे ठेवायचे नाहीत, रस्त्यावरचा टायर करडा असतो. पट्टा जरा वॉटर पेपरनं घासला आणि मळकट पाणी फिरवलं की तो ओळखीचा होतो.

रंगाला मात्र श्रावण संपायची वाट बघायची. गॅरेजवाले पावसात डुको, म्हणजे गाडीचा फवारायचा रंग, का टाळतात ठाऊक आहे का? थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि रंगावर पांढुरकी झाक येते. सावकाश उडणारं थिनर घातलं तर फरक पडतो, पण इथं खाली पत्रा नाही, प्लास्टिक आहे. गॅरेजचं कडक थिनर जास्त वेळ ओलं राहिलं की तेच प्लास्टिक खातं. म्हणून आधी प्रायमरचे विरळ हात, एकेक वाळवून. आणि रंग डब्यातला तसाच नाही, त्यात थेंबभर पांढरा घालायचा. लहान वस्तूवर तोच रंग गडद वाटतो.

इथं ज्याला-त्याला सांगावं तो म्हणतो, वडाप कसली करतोस, दसरा चौकातली छत्रपतींची मेबॅक मोटार कर. १९३६ सालची, भगवी, दसऱ्याला बाहेर निघाली की माणसं टाचा उंचावून बघतात. गाडी थोरच. पण ती धुऊन-पुसून, मानानं निघते, तिला धूळ कुठली? मला चकचकीत मॉडेलं बघायला आवडतात, करायला नाही आवडत. आबांच्या जीपच्या डाव्या पायरीचा रंग पायांनी खाल्ला होता आणि उजवीचा नव्हता. कारण आपण सगळे डावीकडून चढायचो, उजवीकडं आबांच्या कोपराचा धाक. हे कुठल्याच किटाच्या पुस्तिकेत नसतं.

आता तुझी कामं. एक, रंग. तू हिरवा म्हणतोस, माझ्या डोक्यात मळका निळा आहे. जुन्या फोटोवर माझा भरवसा नाही, ते सगळे पिवळे पडलेत. पण काकी मागं म्हणाल्या होत्या, जीप विकायच्या आधी उतरवलेला एक मडगार्ड तुमच्या गावाकडच्या गोठ्याच्या दाराला ठोकलाय. गावी जाशील तेव्हा त्याची आतली बाजू ओल्या फडक्यानं पूस, नखानं जरासा खरवड आणि उन्हात फोटो काढ. शेजारी कोरा पांढरा कागद धर, म्हणजे मोबाइलनं रंगात केलेली लबाडी मला ओळखता येईल.

मागच्या बाजूला काय लिहिलं होतं? "आई अंबाबाई प्रसन्न" मला नक्की आठवतं, त्याच्याखाली अजून एक ओळ होती. अक्षरं पेंटरनं हातानं काढलेली, त्यामुळं कॉम्प्युटरवरचा टाइप चालणार नाही. फोटो सापडला तर त्यावरनं गिरवतो. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, म्हणून पाटी आधी पांढरी रंगवून वर लाल पट्टी छापलेली चिकटवणार. पट्टीत अक्षरांच्या जागा मोकळ्या ठेवल्या की खालचा पांढरा तिथून दिसतो.

आणि स्टेपनी कुठं होती, मागं की उजव्या बाजूला? आबांना थेट विचारू नकोस, त्यांना लगेच वास लागेल. खंडेनवमीला आणून त्यांच्यापुढं ठेवायची असं ठरवलंय. ते आधी चाक फिरवून बघणार, मग वाकून खाली पाटे बघणार, मला खात्री आहे. त्यामुळं पुढची चाकं स्टेअरिंगबरोबर वळतील अशी केलीत आणि पाट्यांची पानं मोजून तेवढीच लावलीत. गाडीचा नंबर त्यांना पाठ असेल, तुलाही असायला हवा. एमएच ०९ पुढचं सगळं लिहून पाठव.

वहिनींना नमस्कार. पोरांना सांग, आल्यावर एअरब्रश, म्हणजे रंग फवारायचा ब्रश, हातात देईन, पण जीपवर नाही, जुन्या डब्यावर.

तुझा,
दिल्या