क्रॉफर्ड मार्केटच्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

पिशवीत आजारी गोल्डफिश घेऊन तुमच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक औषधाची निळी बाटली मागत असतं आणि तुम्ही पिशवी उजेडाकडे धरून विचारता, "अंगावर काय आहे ते बघितलंस का?" या एका प्रश्नापायी मुंबईतले किती मासे वाचले असतील! त्याचे आभार जाहीरपणे मानावेत म्हणून हे पत्र.

मासा काचेला अंग घासतो, पर मिटून कोपऱ्यात बसतो, ही लक्षणं बहुतेक सगळ्या बाह्य परजीवींची. औषधं मात्र वेगवेगळी. आणि निळ्या बाटलीतल्या मिथिलीन ब्लूने ऊ मरत नाही, हे तुम्ही दुकानात ती बाटली विकायला असतानाही सांगता.

माशाची ऊ, म्हणजे आर्ग्युलस, ओळखायची तुमची रीत आम्ही आता सगळ्यांना दाखवतो. मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरका मारायचा. ५ ते १० मिलिमीटरची चपटी, जवळजवळ पारदर्शक चकती समोरून खवल्यासारखीच दिसते. तिरक्या उजेडात तिची कड उठते, दोन काळे डोळे दिसतात. तरी शंका असेल तर ओल्या कापसाच्या काडीने हलकेच ढकलायचं. खवलं जागच्या जागी राहतं, ऊ सरकते.

चिमट्याने ऊ काढली की काम अर्धंच होतं. मादी अंडी माशावर घालत नाही. मासा सोडून ती काचेवर, पाइपवर, दगडावर ओळीने चिकटवते. आपल्याकडच्या २८ अंशांच्या पाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत फुटतात. मासे स्वच्छ दिसले म्हणून लोक औषध थांबवतात आणि पंधरवड्याने दुकानदाराला शिव्या घालत परत येतात.

उवेवरच्या औषधाचा, डायफ्लुबेन्झुरॉनचा, हिशोब तर तुम्ही बिलाच्या मागे लिहून देता. १०० लिटरला ६ मिलिग्रॅम औषध, म्हणजे २५ टक्क्यांची पावडर असेल तर २४ मिलिग्रॅम. एवढंसं वजन घरी कोण करणार? म्हणून १ ग्रॅम पावडर सोनाराच्या काट्यावर तोलून १ लिटर पाण्यात घालायची आणि त्यातलं २४ मिलिलिटर सिरिंजने टाकीत सोडायचं. पावडर विरघळत नाही, तळाशी बसते. दरवेळी बाटली जोरात हलवली नाही तर सिरिंजमध्ये नुसतं पाणी येतं. दुसरा डोस दोन आठवड्यांनी. औषध नवं कवच नीट बनू देत नाही, त्यामुळे ऊ कात टाकताना मरते. झिंगे-खेकड्यांचंही तेच होतं, ते आधी बाहेर काढायचे. औषधाचं पाणी तळ्यात किंवा नाल्यात ओतायचं नाही.

लिटरही कंपनीच्या स्टिकरवरून घ्यायचे नाहीत. आतून लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकाराला १००० ने भागायचं. ९० × ३० × ३३ चे ८९ लिटर होतात, खडी-दगड वजा केले की ८० च्या आसपास. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवायचा, नाहीतर औषध तोच शोषून घेतो.

अँकर वर्म या दुसऱ्या परजीवीला याच औषधावर सोडून भागत नाही. अंगातून लोंबणारा तो दोरा म्हणजे पूर्ण वाढलेली मादी, टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्या. ती कात टाकत नाही, म्हणून औषधाने फक्त पिल्लं मरतात. मासा ओल्या फडक्यात धरून दोरा अगदी कातडीपाशी चिमट्यात पकडायचा, शेपटीच्या दिशेने हळू ओढायचा, जखमेवर पोव्हिडोन आयोडीन लावायचं. घाईने ओढला तर डोकं आत तुटतं आणि तिथेच सडतं.

पांढऱ्या ठिपक्यांना, म्हणजे इच या परजीवीच्या रोगाला, मीठ: लिटरला २ ग्रॅम, निम्मं आज, निम्मं उद्या. ठिपका कातडीखाली असतो, तिथे मीठ पोचत नाही. मरतात ती पाण्यात पोहणारी पिल्लं. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर मीठ ठेवायचं आणि रोज तळ सायफनने ओढायचा. पाणी बदललं तर तेवढ्याच पाण्याचं मीठ घालायचं. वाफ होऊन कमी झालेलं पाणी भरताना अजिबात नाही, कारण मीठ उडून जात नाही. पालिकेच्या पाण्यात अँटिक्लोरीन आधी, हे वेगळं सांगायला नकोच.

फ्लुक, म्हणजे माशाला चिकटणारे बारीक चपटे कृमी, डोळ्यांनी दिसत नाहीत, तिथे तुमचा जुना मायक्रोस्कोप. चार काळे ठिपके दिसले तर तो कल्ल्यांचा फ्लुक, अंडी घालणारा; प्राझिक्वांटेल या औषधाचा एक डोस पुरत नाही, आठवड्याने दुसरा हवाच. ठिपके नसून पोटात पिल्लू दिसलं तर कातडीचा. प्रमाण लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे ६०० मिलिग्रॅमची गोळी ३०० लिटरला. पण गोळी खलून घालायची, अख्खी टाकली तर तशीच पडून राहते.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचे आहेत. ज्या टाकीत ऊ दिसते तिच्यावर तुम्ही "विक्री बंद" असा कागद लावता आणि तिची जाळी वेगळी टांगता. रविवारच्या गर्दीत तो कागद तुम्हाला केवढ्याला पडतो, याची आम्हाला कल्पना आहे.

आपले ऋणी,
दादर-माहीमचे काही मत्स्यपालक