जुना बॅकहो घेताना सोबत आलेल्या मिस्त्री काकांना

आदरणीय मिस्त्री काका,
सप्रेम नमस्कार.

आमच्या चरी मोकळ्या झाल्या. खालच्या पट्टीत साचणारं पाणी आता ओढ्याला जातंय. हे तुम्हाला फोनवर सांगितलंच, तरी पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण छोट्या ट्रॅक्टरला जुना बॅकहो, म्हणजे मागं लावायचं खोदाईचं यंत्र, शोधणारे आपल्या वाळवा तालुक्यात बरेच आहेत. नाव लिहू नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही.

कृष्णाकाठच्या काळ्या रानात उसाला वर्षानुवर्षं पाटानं पाणी दिलं की खालचं पाणी वर येतं, उन्हानं उडून जातं आणि क्षार तेवढे मागं राहतात. आमच्या रानावर तो पांढरा थर आला होता. निचरा झाल्याशिवाय जिप्सम टाकून फायदा नाही, आणि चरी तर गाळानं, लव्हाळ्यानं सारख्या बुजतात. मोठं जेसीबी त्या ओलीत रुततं. म्हणून घरच्या २४ एचपीच्या ट्रॅक्टरलाच मागं बॅकहो लावायचं ठरवलं.

पहिलं मशीन रंगवून चकचकीत केलेलं होतं, भावही कमी. तुम्ही त्याला हात लावण्याआधी विचारलंत, "ताई, तुमच्या ट्रॅक्टरचं वजन किती?" मग सांगितलंत की हे ४५-५० एचपीच्या ट्रॅक्टरचं आहे, आपल्या ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतील. त्यातून ते नुसतं तीन पॉइंटच्या लिंकेजवर, म्हणजे अवजार अडकवायच्या मागच्या तीन दांड्यांवर, लटकणारं. बकेट एखाद्या दगडात अडकली की सगळा झटका टॉपलिंकवर, म्हणजे त्यातल्या वरच्या दांडीवर, आणि ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगवर, म्हणजे गिअरच्या पेटीवर, जातो. ते बिडाचं, तडकलं तर ट्रॅक्टर मधून दोन भागांत उघडावा लागतो. ट्रॅक्टरच्या पोटाखालून पुढपर्यंत जाणारी लोखंडी सब-फ्रेम असेल तरच तो जोर वाटला जातो. हे कळल्यावर ते स्वस्त मशीन मला स्वस्त वाटेना.

दुसरं मशीन आपल्या ट्रॅक्टरच्या मापाचं होतं. ते तुम्ही ज्या शांतपणे तपासलंत, ते मी विसरणार नाही. बूमच्या, म्हणजे उचलणाऱ्या मोठ्या हाताच्या, बुडाशी नखानं रंग खरवडून वेल्डिंगला चीर आहे का पाहिलंत. बूम उचलून इंजिन बंद करायला लावलंत आणि घड्याळ बघत थांबलात. बूम हळूहळू खाली येत होता, म्हणजे तो उचलणाऱ्या तेलाच्या जॅकचं सील नाहीतर व्हॉल्व्ह आतून तेल सोडतोय. मग जॅकच्या रॉडवरून बोट फिरवलंत. क्रोम गुळगुळीत आहे, खड्डे असते तर नवं सीलही लवकर फाटलं असतं, असं म्हणालात. मला बकेट धरून हलवायला सांगितलंत. सांध्यांच्या पिन-बुशमधला ढिलेपणा हाताला लगेच कळला. टाकीतलं तेल दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी शिरलेलं नव्हतं. पाईप गळतोय का ते बघायला मी हात पुढं केला, तर तुम्ही मनगट धरलंत आणि पुठ्ठा दिलात. दाबाखालचं तेल कातडीतून आत घुसतं, हे तुम्ही तिथं सांगितलंत म्हणून आता घरात सगळ्यांना माहीत आहे.

विकणारा सगळं माझ्या दिरांशी बोलत होता. पीटीओचे, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्याचे, मिनिटाला ५४० फेरे धरून पंप चालू केल्यावर तुम्ही मात्र लिव्हर माझ्या हातात दिलेत, "चालवणार या आहेत, त्यांना बघू दे." काका, या एका वाक्याबद्दल वेगळे आभार मानायचे आहेत. तोवर तिथं मला कुणी प्रश्न विचारायचीही संधी दिली नव्हती.

भावातून सील आणि बुशचा खर्च वजा करून घेतलात, रीतसर पावती करायला लावलीत, सब-फ्रेम बसवून पुढं वजनं लावेपर्यंत वर्कशॉपमधून हलला नाहीत. अशा व्यवहारात मधला माणूस दोन्हीकडून पैसे घेतो. तुम्ही विकणाऱ्याकडून घेतले नाहीत, आमच्याकडून पेट्रोलचेही नाहीत.

पिनांना रोज सकाळी ग्रीस देते. मशीनचे पाय जमिनीवर पक्के टेकल्याशिवाय बूम हलवत नाही, आणि उताराच्या बाजूला भरलेली बकेट फिरवत नाही. उजव्या पायाच्या जॅकला थोडं तेल सुटायला लागलंय, तेवढं पावसाआधी येऊन बघा. या खेपेची मजुरी मात्र घ्यावी लागेल. ती बाजूला काढून ठेवली आहे, आणि जेवायलाही थांबायचं आहे.

आपली,
चरीच्या रानातली ताई