रविवारची चर्चा : फक्त संशोधनासाठीचं विद्यापीठ

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाजवळ, नेहमीच्या जागी जमायचं आहे.

या वेळी जपानमधल्या ओकिनावा इन्स्टिट्यूटबद्दल बोलू. २०११ साली सुरू झालेल्या या विद्यापीठात पदवीचे वर्ग नाहीत, वेगळे विभागही नाहीत. आहे ती पीएच.डी. पहिल्या वर्षी विद्यार्थी तीन प्रयोगशाळांत काम करतो, त्यातली एक त्याच्या विषयाबाहेरची. मला ही अट सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडे रसायनशास्त्राचा विद्यार्थी शेजारच्या जीवशास्त्राच्या इमारतीत पाऊलही न टाकता डॉक्टर होऊ शकतो. मात्र तिथला बहुतेक खर्च जपान सरकार उचलतं. तो आधार आटला तर पुढे काय, हेही बोलायलाच हवं.

आपलं विद्यापीठ १९६२ पासून संलग्न महाविद्यालयं आणि परीक्षांचा भार वाहत संशोधन करत आलं आहे. ही दोन्ही कामं एकाच संस्थेकडे असावीत का, यावर संशोधक विद्यार्थ्यांनी मोकळेपणाने बोलावं, ही कळकळीची विनंती. मार्गदर्शकांसमोर संकोच वाटत असेल तर मुद्दे चिठ्ठीवर लिहून द्या, नाव न घेता वाचू.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं. चहा आहे.