तो गोगँ नाही, स्ट्रिकलंड आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खऱ्या माणसांवर बेतलेल्या कादंबऱ्या म्हणजे वाचकांची फसवणूक, अशा अर्थाचं पत्र तुमच्या पेपरात वाचलं म्हणून लिहितेय, कारण मला तर असल्या कादंबऱ्या जाम आवडतात. आत्ताच इंग्रज लेखक सॉमरसेट मॉमची 'द मून अँड सिक्सपेन्स' संपवली. 1919 ची आहे, फ्रेंच चित्रकार पॉल गोगँवरून सुचलेली. पण सुचलेलीच हां, चरित्र नव्हे.

मॉमने या फ्रेंच माणसाचा सरळ इंग्रज केला, चार्ल्स स्ट्रिकलंड नाव दिलं आणि लंडनच्या शेअर बाजारात बसवला. चाळिशीचा हा ब्रोकर एक दिवस बायकोमुलांना टाकून पॅरिसला जातो, सगळ्यांना खात्री की बाईची भानगड असणार, निवेदक समजूत घालायला जातो तर हा एका कळकट हॉटेलात एकटाच, आणि म्हणतो काय, तर मला चित्रं काढायचीत! बायकोचं पुढे काय होणार विचारलं तर ढिम्म. इतका राग येतो त्याचा, आणि तरी पुस्तक खाली ठेववत नाही.

खरा गोगँ असा तडकाफडकी उठून गेलेला नाही. शेअर बाजारातल्या नोकरीत असतानाच 1879 मध्ये इम्प्रेशनिस्ट मंडळींच्या, म्हणजे तेव्हाच्या नव्या वळणाच्या चित्रकारांच्या, प्रदर्शनात त्याचं काम होतं, 1882 मध्ये पॅरिसचा बाजार कोसळला, मग नोकरी सुटली, घरात पाच मुलं, बायको डेन्मार्कची. 1891 ला ताहितीला, पॅसिफिकमधल्या बेटावर, निघाला तोही आधी चित्रांचा लिलाव करून, पैसे जमवून. तिथूनही बायकोला पत्रं, पॅरिसला विकायला चित्रं, पैशांची रड चालूच. कादंबरीतला स्ट्रिकलंडही शेवटी ताहितीला पोचतो, पण तो मात्र झोपडीच्या भिंती रंगवतो, महारोगाने आंधळा होतो आणि आपण मेल्यावर झोपडी जाळून टाकायचं वचन घेतो. चित्रं विकली जावीत म्हणून धडपडणाऱ्या गोगँने हे केलं असतं असं मला नाही वाटत, पण स्ट्रिकलंडला ते अगदी शोभतं. मॉमने गोगँकडून फक्त ठिणगी घेतली आणि माणूस स्वतःचा घडवला, याला फसवणूक कसं म्हणायचं?

एक खटकलं ते पण सांगते. ताहितीत गोगँबरोबर बायकोसारखी राहणारी तेहामाना तेरा-चौदा वर्षांची पोरगी होती, कादंबरीत स्ट्रिकलंडची तिथली बायको, 'आटा' नावाची, सतराची आहे. इथे मॉमने स्वतःची सोय बघितली असं वाटतं, आणि टीकाच करायची तर अशा जागी करा ना.

तुमच्या पुरवणीत अशा पुस्तकांची परीक्षणं येतात त्यात खरं किती खोटं किती याचेच रकाने भरतात. ते पात्र जिवंत वाटतं का, हेही दोन ओळींत लिहा की.

आपली,
एक वाचक